आधी घराची यादी, मग नोकरीची जाहिरात

डॉक्टरांच्या घरात नोकरी बदलण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "आकडा किती?" आमच्या घरातही तो पहिला होता. खेदाची गोष्ट अशी, की तो एकमेव होता. त्या एका प्रश्नाच्या उत्तरावर आम्ही बार्शीचे बिऱ्हाड उचलून पुण्यास आलो आणि पुढची चार वर्षे न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे शोधत राहिलो.

वाचकहो, त्या चार वर्षांची हकिगत मी तक्रार म्हणून सांगत नाही. तुमच्या घरात कोणी डॉक्टर असेल, परिचारिका असेल, किंवा रात्रपाळीच्या कोणत्याही कामाला जाणारे माणूस असेल, तर आज ना उद्या असा निर्णय तुमच्याही दाराशी येईल. त्या वेळी आमची चूक तुमच्या उपयोगी पडावी, एवढाच हेतू.

पहिला निर्णय

माझे पती एम. डी. मेडिसिन, म्हणजे फिजिशियन. बार्शीत ते एका रुग्णालयात काम करीत आणि संध्याकाळी स्वतःचा छोटा दवाखाना चालवीत. मी अनुदानित माध्यमिक शाळेत मराठी शिकवीत असे; पद कायम, चौदा वर्षांची सेवा झालेली. सासूबाई आमच्याजवळ आणि मुलगी चौथीत. अशात पुण्यातील एका मोठ्या रुग्णालयाकडून बोलावणे आले. दरमहा मिळणारी रक्कम बार्शीतील मिळकतीच्या दुपटीहून थोडी अधिक होती.

आठ दिवसांत आम्ही होकार कळविला. त्या आठ दिवसांत सदनिकांची भाडी विचारली, शाळांचे शुल्क विचारले. रुग्णालयात एकूण फिजिशियन किती, हे मात्र विचारले नाही. माझ्या राजीनाम्याची तर चर्चाच झाली नाही. "तुला पुण्यात कुठेही शाळा मिळेल," असे हे म्हणाले आणि मी मान डोलावली. अनुदानित शाळेतील कायम पद एकदा सोडले की परत मिळत नाही, हे आमच्या शाळेच्या शिपायालाही ठाऊक होते. मलाही ठाऊक होते.

पुण्यास गेल्यावर कळले, की तेथे फिजिशियन दोनच. म्हणजे एकाआड एक रात्र कॉलची, महिन्यात पंधरा रात्री. कॉलवर असणे म्हणजे घरीच असणे, असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात अतिदक्षता विभागातून रात्री दोन-तीनदा फोन येई, एकदा तरी गाडी काढावी लागे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊची ओपीडी ठरल्याप्रमाणे सुरू होई.

तेराव्या महिन्यात दुसरा धक्का बसला. जो आकडा ऐकून आम्ही गाव सोडले, ती पहिल्या बारा महिन्यांपुरती 'मिनिमम गॅरंटी' होती. त्यानंतर रुग्णांकडून जमा होणाऱ्या शुल्काचा ठरावीक हिस्सा तेवढा मिळणार होता. नियुक्तिपत्राच्या दुसऱ्या पानावर हे स्पष्ट लिहिलेले होते. आम्ही पहिल्या पानावरच थांबलो होतो. मिळकत एक तृतीयांशाने घटली. तोवर घरासाठी कर्ज घेऊन झाले होते. तूट भरून काढण्यासाठी यांनी आणखी दोन रुग्णालयांत व्हिजिट सुरू केल्या आणि उरलेल्या संध्याकाळीही गेल्या.

सासूबाई बार्शीत रोज ओट्यावर बसत. येणारे-जाणारे थांबत, बोलत. पुण्यात आम्ही सातव्या मजल्यावर. त्यांचा मधुमेह जुनाच होता. पण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ज्याला एचबीएवनसी म्हणतात, तो ७.२ वरून ९.१ वर गेला. औषधे तीच, डॉक्टर मुलगा घरातच, आणि साखर मात्र वाढलेली. तिसऱ्या वर्षी एका सकाळी राउंडच्या वेळी वॉर्डातील सिस्टरांनी यांचा चेहरा पाहून आग्रहाने रक्तदाब मोजला. तो १६४/१०४ निघाला. रोज कित्येकांचा रक्तदाब मोजणाऱ्या या माणसाने तीन वर्षांत स्वतःचा एकदाही मोजला नव्हता.

त्या रात्री आम्ही दुसऱ्या नोकरीचा शोध घ्यायचे ठरविले. या वेळी जाहिराती नंतर पाहायच्या, हेही त्याच रात्री ठरले.

तास आरोग्याच्या खात्यात मांडा

कामाचे तास हा आरोग्याचा प्रश्न आहे, हे आता मोघम बोलणे राहिलेले नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक आढळतो. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने रात्रपाळीच्या कामाची नोंद 'बहुधा कर्करोगकारक' या गटात केली आहे. २००७ मधील तो निष्कर्ष २०१९ मध्ये तिने कायम ठेवला.

आपल्या देशात निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला ७४ तासांहून अधिक नसावे, अशी शिफारस राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यदलाने २०२४ मध्ये केली. शिक्षण संपवून तज्ज्ञ म्हणून खासगी रुग्णालयात रुजू झालेल्या डॉक्टरांचे तास मात्र बहुतेक वेळा करारच ठरवितो. म्हणून करार करण्याआधी कुटुंबाने स्वतःची मर्यादा ठरविणे आवश्यक असते. ती दुसरे कोणी ठरवून देत नाही.

एक वही, चार पाने

आम्ही केले ते अगदी साधे होते. यांना कॉल नसलेला एक रविवार पाहिला. शंभर पानी वहीतील चार पाने फाडली, घरातील प्रत्येकाला एक दिले. नव्या ठिकाणी आपल्याला काय हवे, अशा पाच गोष्टी प्रत्येकाने क्रमाने लिहायच्या आणि सर्वांचे लिहून होईपर्यंत कोणी कोणाचे पान पाहायचे नाही, एवढाच नियम. सासूबाईंनी नातीला सांगून लिहून घेतले.

पाने उघडली तेव्हा आम्ही एकमेकांना किती कमी ओळखतो, ते दिसले. यांच्या पानावर सुसज्ज अतिदक्षता विभाग पहिला असेल, अशी माझी खात्री होती. तेथे लिहिले होते, "सलग झोप". मुलगी तेव्हा आठवीत जाणार होती. मैत्रिणींसाठी ती पुण्यातच राहू म्हणेल, असे आम्हांला वाटले होते. तिने लिहिले, "शाळा बदलायची असेल तर याच वर्षी बदला. नववीत आणि दहावीत नको." सासूबाईंचे पहिले मागणे होते, "दार उघडे ठेवता येईल असे घर."

माझ्या पानावर माझे काम पाचव्या क्रमांकावर होते. यांनी ते वाचले आणि विचारले, "हे पाचवे का?" मला उत्तर देता आले नाही. बराच वेळ कोणीच बोलले नाही. मग यांनी पेन घेतले आणि तो पाचाचा आकडा खोडून मला म्हणाले, "आता तूच लिही." मी दोन लिहिले.

पाने आधी वेगवेगळी लिहिण्यामागे कारण आहे. एकत्र बसून चर्चा केली, की घरातील मोठा आवाज किंवा मोठा पगार आपोआप यादी ठरवितो. आणि प्रस्ताव हाती आल्यावर यादी केली, तर मन त्या प्रस्तावाला सोयीचे असेल तेच मागू लागते. शहरातून बोलावणे आले, की आपल्याला शहरच हवे होते असे वाटते. म्हणून यादी आधी करा, वेगवेगळी करा आणि लिहून करा.

न सोडण्याच्या गोष्टी तीनच

चार पानांवरील वीस गोष्टींचे आम्ही तीन गट केले : न सोडण्याच्या, बोलून ठरविण्याच्या आणि असल्या तर उत्तम अशा. पहिल्या गटात तीनहून अधिक गोष्टी ठेवायच्या नाहीत, असे ठरविले. दहा गोष्टी अटळ म्हणणाऱ्याला कोणतीच नोकरी मिळत नाही; मग थकून तो पहिल्या प्रस्तावाला होकार देतो.

आमच्या तीन गोष्टी अशा ठरल्या : रुग्णालयात किमान चार फिजिशियनांमध्ये रात्री वाटलेल्या असाव्यात; मला शिकविण्याचे काम मिळू शकेल असे गाव असावे; आणि सासूबाईंच्या माणसांपर्यंत एका दिवसात जाऊन परत येता यावे. मुलीची अट वेळेची होती, म्हणून ती शोधाची मुदत ठरली : पुढच्या जूनपूर्वी.

याच्या पुढची पायरी बहुतेक घरांत राहून जाते. प्रत्येक अटळ गोष्टीसमोर तिची किंमत लिहा. ही गोष्ट मिळावी म्हणून आम्ही काय सोडण्यास तयार आहोत? रात्री कमी हव्या असतील, तर मिळकत किती कमी चालेल? पालकांजवळ राहायचे असेल, तर अवघड शस्त्रक्रिया, नवी यंत्रे, नामवंत सहकारी यांपैकी कशावाचून राहता येईल? किंमत न लिहिलेली अट ही केवळ इच्छा असते. आम्ही लिहिले : मिळकत एक तृतीयांशाने कमी चालेल, पुण्यातील सदनिका भाड्याने द्यावी लागेल, आणि यांना काही प्रकारचे रुग्ण उपचारांसाठी पुढे पाठवावे लागतील. शेवटची ओळ लिहिताना यांचा हात थोडा थांबला, हे मी पाहिले. शोधाच्या काळात डॉक्टरांच्या मनाला खुपणारी अशी एक तरी ओळ असते. ती लपवू देऊ नका.

आकडा उघडून पाहा

पैसा दुय्यम, असे मी म्हणणार नाही. घरखर्च, हप्ते, पालकांची औषधे आणि मुलांचे शिक्षण यांची बेरीज करून 'याखाली नको' अशी एक रक्कम ठरवा. त्या रकमेच्या वर असलेल्या प्रस्तावांची तुलना मात्र निव्वळ आकड्यांनी करू नका.

समजा, एका ठिकाणी दरमहा २,४०,००० रुपये आणि आठवड्याला ७५ तास काम आहे. दुसऱ्या ठिकाणी १,६०,००० रुपये आणि ५० तास. ७५ तासांचे महिन्याला ३२५ तास होतात, ५० तासांचे सुमारे २१७. भागाकार करून पाहा : दोन्हीकडे तासाला साधारण ७४० रुपयेच पडतात. म्हणजे पहिली नोकरी अधिक मोबदला देत नाही. ती अधिक तास विकत घेते. ते तास तुम्हांला विकायचे आहेत का, एवढाच प्रश्न उरतो. कर्जाचे काही वर्ष उरले असेल, तर उत्तर 'होय' असेही असू शकते. ते विचार करून दिलेले असावे.

आकडा कोणत्या प्रकारचा आहे, तेही पाहा. पगारी नोकरीत भविष्यनिर्वाह निधी, भरपगारी रजा यांसारखे लाभ असतात. सल्लागार म्हणून 'व्यावसायिक शुल्क' मिळत असेल, तर साधारणपणे १० टक्के करकपात होऊन रक्कम हाती येते. रजा घेतली की मिळकत थांबते आणि निवृत्तीची तरतूद स्वतःच करावी लागते. तरुण डॉक्टर स्त्रियांच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. २०१७ च्या दुरुस्तीने कायद्यातील प्रसूती रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली. पण आपले नाव कर्मचारी म्हणून आहे की सल्लागार म्हणून, यावर हा लाभ मिळणे न मिळणे अवलंबून राहू शकते. सही करण्यापूर्वी हे लेखी विचारून घ्या.

सही करण्यापूर्वीचे प्रश्न

आम्ही दुसऱ्या वेळी वहीच्या पाचव्या पानावर प्रश्न लिहून नेले होते. त्यांतील महत्त्वाचे येथे देते.

• तुमच्या शाखेचे डॉक्टर एकूण किती? मागील तीन महिन्यांचे ड्यूटीचे तक्ते पाहायला मिळतील का?

• रात्री अतिदक्षता विभागात कोण असते? रात्र जागवल्यानंतर दुसऱ्या दिवशी ओपीडी उशिरा सुरू करण्याची सोय आहे का?

• तुम्ही रजेवर असताना तुमचे रुग्ण कोण पाहील, हे ठरलेले आहे की ऐनवेळी शोधावे लागते?

• मिनिमम गॅरंटी किती महिन्यांची? त्यानंतरचा हिस्सा कशावर मोजला जातो, आणि तो हिशेब तुम्हांला दर महिन्याला दाखवला जातो का?

• व्यावसायिक दायित्व विम्याचा हप्ता कोण भरते? नोकरी सोडल्यावर त्या काळातील उपचारांबद्दल तक्रार आली, तर विम्याचे संरक्षण चालू राहते का? ग्राहक कायद्यानुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून साधारण दोन वर्षांपर्यंत तक्रार दाखल करता येते, हे लक्षात असू द्या.

• राजीनाम्याची पूर्वसूचना किती महिन्यांची, आणि ती दोन्ही बाजूंना सारखीच लागू आहे का?

• नोकरी सोडल्यावर त्याच शहरात काम करू नये, असे कलम आहे का? व्यवसायास अटकाव करणारे करार भारतीय करार कायद्याच्या कलम २७ नुसार सर्वसाधारणपणे रद्दबातल ठरतात. तरीही असे कलम दिसल्यास वकिलाला दाखवूनच सही करा.

• रात्री नातेवाइकांचा जमाव आला, तर सुरक्षेची व्यवस्था काय? डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. पण कायद्याच्या आधी दारावर माणूस लागतो.

या प्रश्नांनी समोरच्या संस्थेला राग येईल, अशी भीती बाळगू नका. ज्या दोन ठिकाणी आम्ही ड्यूटीचे तक्ते मागितले, त्यांपैकी एकाने ते लगेच समोर ठेवले. दुसऱ्याने विषय बदलला. आमचा निर्णय तेथेच निम्मा झाला.

मुलांची वर्षे, वडीलधाऱ्यांची माणसे

बदलीचा विचार करताना मुलांच्या शाळेचे वर्ष आधी पाहा. नववी ते बारावी या काळात मंडळ बदलणे कठीण जाते. केंद्रीय मंडळाच्या शाळांत थेट दहावीला किंवा बारावीला प्रवेश सर्वसाधारणपणे मिळत नाही. पालकांची बदली यांसारख्या कारणांसाठी मंडळाची परवानगी काढावी लागते. राज्य सोडण्याचा विचार असेल, तर आणखी एक गोष्ट तपासा. महाराष्ट्रातील वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण झालेली असणे सर्वसाधारणपणे आवश्यक असते. दोन वर्षांसाठी गोव्यास किंवा बंगळुरूस गेलेल्या घरातील मुलाला हा नियम बारावीनंतर कळला, तर तेव्हा हाती काही उरत नाही. डॉक्टरांनाही राज्य बदलताना तेथील राज्य वैद्यक परिषदेकडे नोंदणीची पूर्तता करावी लागते. त्यासाठी लागणारा वेळ शोधाच्या वेळापत्रकात धरा.

वडीलधाऱ्यांच्या बाबतीत आपण बहुधा जवळचे रुग्णालय तेवढे पाहतो. सासूबाईंनी आम्हांला शिकविले, की जवळची माणसेही पाहावी लागतात. वीस पावलांवर देऊळ आहे का, तळमजल्याचे घर मिळेल का, दुपारी बोलायला कोणी आहे का, हे प्रश्न साखरेच्या गोळीइतकेच वैद्यकीय आहेत.

म्हणून मुलाखतीच्या दिवशी जाऊन त्याच रात्री परतू नका. शक्य असेल तर सारे घर दोन दिवस तेथे राहून या. घर ते रुग्णालय हे अंतर रात्री आणि गर्दीच्या वेळी प्रत्यक्ष कापून पाहा. रात्रपाळीच्या सिस्टरांशी दोन शब्द बोला. मागील फिजिशियन का सोडून गेले, ते तेथील औषधाच्या दुकानदाराला बहुधा ठाऊक असते.

सेवा आणि संकोच

डॉक्टरांच्या घरात आणखी एक अडथळा असतो. झोप, सुटी, कुटुंब यांबद्दल बोलणे म्हणजे सेवाभावाशी प्रतारणा, असा एक संकोच मनात घर करून असतो. अशा वेळी मला मेळघाटातील बैरागडचे डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे आठवतात. २०१९ मध्ये या दांपत्याला पद्मश्री मिळाली. लग्नापूर्वीच डॉ. रवींद्र यांनी आपल्या अटी स्पष्ट सांगितल्या होत्या : चाळीस किलोमीटर चालण्याची तयारी हवी, महिन्याच्या चारशे रुपयांत संसार करता यायला हवा. या हकिगतीतील त्यागाकडे आपण पाहतो. त्यातील स्पष्टपणाकडे पाहा. काय मिळणार नाही, हे आधी सांगितले गेले आणि समजून-उमजून स्वीकारले गेले. दुर्गम भागात जायचे असो वा महानगरात, घरातील दुसऱ्या माणसाला हे आधी कळण्याचा हक्क आहे. न विचारता करायला लावलेल्या त्यागातून सेवा उभी राहत नाही. मनात गाठ तेवढी राहते.

शोध चालू असताना

हातातील नोकरी रागाच्या भरात सोडू नका. नवे नियुक्तिपत्र वाचून, दुसऱ्या पानासह, मगच राजीनामा द्या. शोधाच्या काळात नवे कर्ज घेऊ नका. आणि डॉक्टरांनी स्वतःवर स्वतः उपचार करू नयेत. घराबाहेरचा एक कुटुंबवैद्य ठरवून त्याच्याकडे रक्तदाब, साखर आणि झोप यांची नोंद ठेवावी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत कामाच्या ताणातून येणाऱ्या 'बर्नआउट'ची तीन लक्षणे सांगितली : शक्ती संपून गेल्यासारखे वाटणे, कामापासून मन तुटणे किंवा त्याबद्दल कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. यांच्या बाबतीत दुसरे लक्षण मी प्रथम ओळखले. रुग्णांविषयी बोलताना हे नावे सांगत असत. हळूहळू खाटांचे क्रमांक सांगू लागले होते. अशा खुणा दिसल्या तर नोकरीचा निर्णय थोडा बाजूला ठेवून आधी मदत घ्या. 'टेलि-मानस' ही शासनाची मानसिक आरोग्य साहाय्यसेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. ती डॉक्टरांसाठीही आहे.

आज

आम्ही सोलापूरला आलो. रुग्णालय विश्वस्त संस्थेचे आहे, फिजिशियन चार आहेत, यांच्या वाट्याला महिन्यात सात-आठ रात्री येतात. मिळकत आम्ही लिहिली होती त्याहून थोडी अधिकच कमी झाली. तळमजल्याचे घर मिळाले. बार्शी सत्तर किलोमीटरवर. सासूबाई सणावाराला एस. टी.ने जातात, तेथील बायका इकडे येतात. त्यांच्या साखरेचा आकडा सात आणि आठच्या मध्ये आला आहे. यांचा रक्तदाब एका गोळीवर आटोक्यात आहे. ती गोळी आता सुटणार नाही, असे त्यांचे डॉक्टर सांगतात. मुलगी यंदा दहावीत आहे.

सारे काही परत मिळाले, असे मी लिहिले तर ते खोटे होईल. मला एका खासगी शाळेत वर्ष-वर्षाच्या करारावर काम मिळाले आहे. वर्गात उभी राहते तेव्हा आनंद तोच असतो. पण चौदा वर्षांची ती सेवा आणि ते कायम पद गेले ते गेलेच. एखादा गुंतागुंतीचा रुग्ण पुण्यास पाठवावा लागला, की हे त्या संध्याकाळी गप्प असतात. यादीत लिहिलेली किंमत आम्ही आजही भरत आहोत. फरक इतकाच, की ती आम्ही चौघांनी मिळून लिहिली होती. म्हणून ती भरताना घरात कोणी कोणाला बोल लावत नाही.

ती चार पाने कपाटात ठेवली आहेत. दर पाडव्याला आम्ही ती काढतो आणि काय बदलले ते पाहतो. मागच्या पाडव्याला मुलीने आपल्या यादीत एक नवी ओळ लिहिली : बारावीनंतर ती बाहेरगावी शिकायला जाणार आहे. म्हणजे आमच्या याद्या पुन्हा बदलणार.

तुमच्या घरी आज कोणताही प्रस्ताव आलेला नसेल, तर यादी करायला हीच वेळ चांगली. येत्या रविवारी वहीची पाने फाडा, घरातील प्रत्येकाच्या हाती एक द्या, आणि सर्वांचे लिहून होईपर्यंत कोणाचेही पान वाचू नका.